चित्रांवरची पुराची रेघ

कोल्हापूरच्या दसरा चौकातील राजर्षी शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात गेली वीस-बावीस वर्षे मी नियमाने जातो. व्याख्यानाला म्हणून यावे, वेळ उरावा आणि पाय आपोआप कलादालनाकडे वळावेत, असे सुरुवातीला होत असे; पुढे पुढे व्याख्यान हे निमित्त उरले. या दालनाला मुंबईतील दालनांचा दबदबा नाही, आणि तेच त्याचे वैभव आहे. चौकातून घामेजून आलेला माणूस पंख्याखाली उभा राहण्यासाठी आत शिरतो आणि एखाद्या चित्रासमोर पाच मिनिटे थांबतो. कामाला निघालेली बाई मुलाचे बोट धरून एक फेरी मारते. अभिप्रायवहीत ‘फार सुंदर’, ‘अगदी फोटोसारखे’ असे शेरे असतात. ‘फोटोसारखे’ या शब्दाला आमच्यातले काही प्राध्यापक हसतात. मला मात्र त्या शेऱ्यात या गावाची शंभर वर्षांची नजर दिसते.

ती नजर घडवली कोणी, हे पाहू गेल्यास नावे पुष्कळ निघतात. आबालाल रहिमान यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिक्षण घेतले, शाहू महाराजांचा आश्रय त्यांना लाभला आणि रंकाळा, कोटितीर्थ या परिसरातला प्रकाश त्यांनी रंगवला. बाबूराव पेंटरांनी नाटकांचे पडदे रंगवले, कॅमेरा स्वतः तयार केला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. जी. कांबळे यांनी सिनेमाची पोस्टरे रंगवली आणि त्यांनी काढलेले शिवछत्रपतींचे चित्र घराघरांत पोचले. या गावात चित्रकला दिवाणखान्यापेक्षा रंगभूमीच्या पडद्यावर, सिनेमाच्या फलकावर आणि गणपतीच्या आराशीत अधिक राहिली. म्हणूनच ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळाले, तेव्हा रस्त्यावर उभे राहून रडणाऱ्यांत नटांइतकेच रंगारीही होते.

येत्या महिन्याभरात दालनात जी प्रदर्शने लागायची आहेत, त्यांतील दोहोंविषयी थोडक्यात सांगतो. पहिले कलामहाविद्यालयांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या तीन मुलींचे आहे. तिघींची चित्रे अमूर्ताकडे झुकणारी आहेत. एकीने साखर कारखान्याच्या परिसरातील मळी आणि राख यांचे रंग घेऊन मोठे पट केले आहेत. ते मी तिच्या घरी भिंतीला टेकवलेले पाहिले. काही फसलेले वाटले, दोन विलक्षण वाटले. दुसरे प्रदर्शन एका जुन्या फलक-रंगाऱ्याचे आहे. फ्लेक्सने ज्यांचा धंदा बुडवला, त्यांच्यापैकी हे एक. ब्रशने काढलेल्या अक्षरांचे नमुने ते मांडणार आहेत. मराठीच्या विद्यार्थ्यांनी हे अवश्य पाहावे. देवनागरीचा ‘ळ’ किती तऱ्हांनी वळू शकतो, हे लिपीवरच्या कोणत्याही तासापेक्षा तेथे लवकर कळेल.

पण मला लिहायचे आहे ते तिसऱ्या प्रदर्शनाविषयी. ते एका दिवंगत चित्रकला-शिक्षकांचे आहे. नाव देत नाही. दिले तरी कोल्हापूरबाहेर कोणाला काही उमगणार नाही. एका हायस्कूलमध्ये त्यांनी जन्मभर एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांची मुले तयार केली आणि रविवारी पंचगंगेच्या घाटावर बसून जलरंगात चित्रे काढली. मी दोन-तीनदा त्यांच्याशेजारी बसलो आहे. कागद ओला करायचे, त्यावर पहिला पातळ थर सोडायचे आणि मग काहीही न करता थांबायचे. जलरंगात पांढरा रंग लावायचा नसतो, कागदाचाच पांढरेपणा राखायचा असतो, एवढे एक वाक्य त्यांनी मला सांगितले. बाकी त्यांचे बोलणे चहापुरतेच असे. बेताच्या पगारात भारी कागद परवडत नसे म्हणून पुष्कळ चित्रे साध्या कार्ट्रिज कागदावर आहेत. ती सगळी घराच्या तळमजल्यावर, पत्र्याच्या पेटीत असत.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्याजवळ ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी तेथे ४३ फूट मानतात. घर नदीकाठच्या पेठेत. पाणी कित्येक दिवस ओसरले नाही. पेटी उघडली तेव्हा खालची चित्रे गाळात लगदा होऊन गेली होती, आणि मधल्या चाळीसेक चित्रांवर एक तपकिरी, वाकडीतिकडी रेघ उठली होती. रेघेच्या खालचे रंग वाहून एकमेकांत मिसळलेले, वरचे जसेच्या तसे. सरांनी ती टीपकागदात ठेवून, वर पाट आणि पाट्यावर वरवंटा ठेवून वाळवली. त्यांना डागडुजी करताना कोणी पाहिले नाही. पुढच्याच वर्षी ते गेले. २०२१ चा पूर आला तेव्हा पेटी मुलीने आधीच माडीवर हलवली होती.

प्रश्न आता असा आहे की ही रेघ असलेली चित्रे लावायची की नाही. मुलीला ती लावायची आहेत. पुण्यात असलेल्या तिच्या भावाला ती आधी एखाद्या जाणत्या हाताकडून दुरुस्त करून हवी आहेत, नाहीतर मुळीच नकोत. परिचयपत्रिकेचा मजकूर मी लिहावा असे ठरल्यामुळे दोघांचीही बाजू माझ्यापर्यंत आली.

“सर, दादाचं म्हणणं चूक नाही,” ती मला म्हणाली. “आण्णा डाग पडलेला कागद फाडून टाकायचे. आम्ही लहान असताना त्याच्या होड्या करायचो. पण हे त्यांनी फाडले नाहीत, वाळवले. मी काय समजायचं?”

हा प्रश्न आपल्याला, साहित्य शिकवणाऱ्यांना, परका नाही. जुनी पोथी कसरीने खाल्लेली असते आणि संपादकाला गाळलेली जागा कळत असते. छंद ठाऊक असतो, कवीची रीत ठाऊक असते, अर्धी ओवी तो सहज पुरी करू शकतो. चांगला संपादक ती पुरी करत नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा तिच्यात कोणी आपली ओवी घालू नये असे निक्षून बजावले. त्या न्यायाने पाहिल्यास, वाहून गेलेला घाट दुसऱ्याच्या ब्रशने पुन्हा बांधणे म्हणजे प्रक्षेपच. मी मुलीच्या बाजूने झुकलो तो या विचाराने.

तरीही भावाचा मुद्दा येथेच अडतो. कसर ही पोथीची कवयित्री नव्हे, तसा पूर हा चित्राचा सहलेखक नव्हे. त्या तपकिरी रेघेला ‘निसर्गाने केलेले चित्र’ म्हणण्याचा मोह समीक्षकाला होईल. आपल्याकडे असल्या वाक्यांना तोटा नाही, आणि पत्रिकेत ते खपूनही जाईल. परंतु ज्या माणसाने कागदाचा पांढरेपणा राखण्यात रविवारमागून रविवार घालवले, त्याच्या चित्रावरच्या गाळाला सौंदर्य म्हणणे मला क्रूर वाटते. शिवाय त्यांनी चित्रे वाळवली ती राखण्यासाठी, की नव्याने काढता यावीत म्हणून नमुन्यादाखल? शेवटच्या वर्षी त्यांचा हात थरथरत असे. दुरुस्ती केली नाही, ती करायची नव्हती म्हणून, की करता येईना म्हणून, हे आता कोण सांगणार?

या गावात पाण्याने नेलेल्या चित्रांची एक जुनी कथा आहे. १९२२ साली शाहू महाराज गेले, त्या दुःखात आबालालांनी आपली हजारो चित्रे कोटितीर्थात बुडवली, असे सांगतात. कोल्हापुरातला कोणीही ही कथा अभिमानाने ऐकवतो. पण त्यांची जी चित्रे वाचली आणि टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहेत, ती पाहायला त्यांतले किती जण जातात? बुडालेल्या चित्रांचे आपल्याला भारी कौतुक. उरलेल्यांसाठी मात्र तिकीट काढायला वेळ नाही. कोल्हापूरच्याच बाबूराव सडवेलकरांनी महाराष्ट्रातील चित्रकारांवर पुस्तक लिहून यातले पुष्कळ विस्मरण थोपवले. परंतु हायस्कुलातल्या ड्रॉइंगच्या सरांपर्यंत कोणतेच पुस्तक पोचत नाही.

शेवटी मी दोघांना फोनवर एकत्र घेतले. सल्ला देण्याचा अधिकार मला नव्हता. पत्रिकेत काय लिहू शकेन आणि काय लिहू शकणार नाही, एवढेच सांगितले. दुरुस्त केलेली चित्रे असतील तर दुरुस्ती कोणी व केव्हा केली हे छापावे लागेल. न केलेली असतील तर ‘ऑगस्ट २०१९ च्या पुरात भिजलेली’ इतकेच छापीन, एकही विशेषण लावणार नाही. भाऊ बराच वेळ बोलला नाही. मग त्याने विचारले, “विकणार आहात का ती?” बहीण म्हणाली, “नाही. कोरडी विकायची. भाडं आणि फ्रेमांचा खर्च त्यातनं निघेल.” त्यावर तो “बघू” म्हणाला. कोल्हापुरात या शब्दाचा अर्थ होकारही होतो आणि नकारही.

दुसऱ्या दिवशी तिने फ्रेमवाल्याकडे छत्तीस चित्रे दिली. त्यांतली अकरा रेघेची आहेत. माऊंट नेहमीपेक्षा रुंद ठेवायला तिने सांगितले आहे, आणि रेघ झाकली जाणार नाही अशा बेताने कापायला. फ्रेमवाला म्हणाला, “ताई, डाग झाकायचाच असतो माऊंटनं.” तिने त्याला मोजपट्टी लावून खूण करून दिली. उद्घाटन सोमवारी आहे, पाहुणा कोणीही नाही. भावाने रविवारच्या रात्रीच्या गाडीचे तिकीट काढले आहे, असे ती म्हणते.