गवंड्याचे घर

केळझरच्या टेकडीवरील सिद्धिविनायकाचे देऊळ मागे टाकून नागपूरच्या वाटेला लागले, की पुढे बोरी येते आणि तेथून जवळच टाकळघाट. तेथे पोहोचताच आम्ही एका परमुलखातील गवंड्यासाठी प्रार्थना करतो. तो भारतात कधीच आला नव्हता.

स्कॉटलंडमधील डन्स गावचा स्टीफन हिस्लॉप धंद्याने गवंडी होता. 1761 साली स्थापन झालेल्या रिलीफ चर्च या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळीत तो 'वडील' म्हणून सेवा करी. 1837 साली तो वारला.

सेमिनरीत असताना या घराण्याचे नाव आमच्या कानी पडले, ते त्याचा पुत्र अलेक्झांडर याच्यामुळे. 'दि टू बॅबिलॉन्स' या आपल्या ग्रंथात या पाळकाने कॅथोलिक उपासनेला व पवित्र मातेच्या सन्मानाला बाबेलची मूर्तिपूजा ठरविले. इतिहासाच्या कसोटीवर त्याचे म्हणणे टिकले नाही. परंतु त्या घराविषयी आमच्या मनात अढी बसली ती बसलीच.

पुढे विदर्भात आल्यावर धाकट्या पुत्राची ओळख झाली. पित्याचेच नाव लाभलेला हा स्टीफन 1845 साली मिशनरी म्हणून नागपुरास आला. त्याने मुलांना शिकविले, गोंड बांधवांची भाषा व चालीरीती टिपून ठेवल्या, येथल्या खडकांतील जीवाश्म गोळा केले. 4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना पुराच्या ओढ्यात बुडून त्याचा अंत झाला. दगडाशी खेळत वाढलेल्या पोराला अखेरीस दगडांनीच बोलावून नेले म्हणायचे! चारच दिवसांनी, 8 सप्टेंबरला, त्याला सेहेचाळीस वर्षे पूर्ण व्हायची होती. तो दिवस आपल्या मरियामातेच्या जन्माचा सण. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज 1883 पासून त्याचे नाव चालवीत आहे.

एकच घर, एकच पित्याची प्रार्थना. पण एकाची आस्था वादात खर्ची पडली, तर दुसऱ्याची सेवेत. थोरल्यापायी धाकट्याला, आणि दोघांपायी त्या कष्टाळू बापाला आम्ही दूर लोटले होते. ही चूक आम्ही प्रभूपुढे कबूल केली आहे.

बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत पित्याचा धंदा लिहिताना आता आमचा हात क्षणभर थबकतो. सुतार, गवंडी, शेतमजूर... नाझरेथच्या योसेफाचाही हाच रकाना भरला गेला असता. आईबापहो, लेकरांच्या हाती श्रद्धा द्याच. पण तिच्यासोबत शेजाऱ्याचा तिटकारा तर त्यांच्या पदरात पडत नाही ना, एवढे पाहा.