५८ मायक्रोसेकंद

पूर्वी खेळातली रेल्वे एका फिरत्या बटणावर चाले. ते फिरवलं की रुळांतला वीजदाब वाढे आणि त्यांवरची सगळी इंजिनं एकदमच सुटत.

जर्मनीतल्या लेन्झ कंपनीच्या पद्धतीवरून अमेरिकेतल्या एनएमआरए संघटनेने १९९० च्या दशकात अशा रेल्वेसाठी डीसीसी हे मानक ठरवलं. आता रुळांत वीज कायम असते. ती किती वेळाने दिशा बदलते, यातच हुकूम दडलेला. ५८ मायक्रोसेकंदांनी बदलली तर एक, १०० किंवा जास्त लागले तर शून्य.

आर्डुइनोला मोटर शील्ड जोडून घरीच कंट्रोलर बनवणाऱ्याचं चित्त याच आकड्यांत अडकतं. तयार यंत्र बाजारात मिळत असताना सोल्डरच्या धुराने डोळे का चुरचुरू द्यायचे? त्यालाही नीट सांगता येत नाही.

इंजिनात बसून हुकूम वाचणारा नवा डीकोडर बहुधा ३ हा पत्ता घेऊन येतो. त्या पत्त्यावर हुकूम सुटतो. शेजारचं इंजिन ढिम्म, हे एकटंच हलतं. तेव्हा मनात दाटतं ते सत्तेचं सुख, की कुणीतरी आपलं ऐकल्याचं?

तो उत्तराच्या मागे लागत नाही. सांधे बदलणाऱ्या मोटारी अजून जोडायच्यात, आणि रुळांवरच्या काजळीने मध्येच संकेत तुटतो, तेही बघायचंय.