घाटातल्या मागच्या इंजिनावर

१४ एप्रिल
आत्याने आजोबांचा लाइन बॉक्स पाठवला. हातदिवा, झेंड्या, रूल बुक, रनिंग रूमवर शिजवायचा शिधा, असं सगळं भरून ड्रायव्हर जो पत्र्याचा बॉक्स ड्यूटीवर नेत, तो. आता आत नुसते फोटो. मुंज, बारसं, सत्यनारायण. उभा जन्म रेल्वेत काढलेल्या माणसाचा कामावरचा फोटो सापडला एकच. साहजिक आहे म्हणा. कॅमेरावाला यायचा तो रजेच्या दिवशीच.

१५ एप्रिल
तो एक फोटो दुपारभर पाहत बसलो. कर्जतचं यार्ड, हललेला, कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा. इंजिन मात्र ओळखू येतं : पुढे-मागे लांब नाक, मध्ये केबिन, चाकांना जोडणारे जाड दांडे. १९२८ च्या सुमाराचं, स्विस घडणीचं विजेचं इंजिन. आमच्याकडे सगळे त्याला खेकडा म्हणत. उभं असताना ते कण्हायचं आणि चालताना डोलायचं. खिडकीत कोपर टेकून आजोबा. चेहरा पुसट, पण खाकी कोटाच्या वरच्या बटणापर्यंत सगळं लावलेलं. एप्रिल-मे असला तरी तसंच असणार.

१७ एप्रिल
बाबांशी फोनवर बोलणं झालं. आजोबा बँकरवर होते. मुंबईहून पुण्याला जाणाऱ्या गाडीला कर्जतला मागून इंजिनं जोडतात, ती बँकर. बोरघाटात चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर. पुढच्या इंजिनाच्या एकट्याच्या जिवावर ते जमत नाही. पळसदरी, जांब्रुंग, ठाकूरवाडी, नागनाथ, मंकी हिल, खंडाळा. लोणावळ्याला बँकर सुटणार आणि मोकळी इंजिनं पुन्हा खाली. कर्जत ते लोणावळा २८ किलोमीटर. डेक्कन क्वीनच्या उतारूंना पुढच्या ड्रायव्हरचा निदान हात तरी दिसे. मागे कोण ढकलतंय याची चौकशी कुणी केल्याचं बाबांनी ऐकलेलं नाही.

उतरणीचं आजोबा जास्त सांगत. घाटात कॅच सायडिंग असतात. सांधा मुख्य लायनीला नाही, चढावर जाणाऱ्या त्या आडलायनीला लावून ठेवलेला असतो. गाडी ठरल्या जागी थांबली, म्हणजे ब्रेक शाबूत आहेत हे कळलं, की मगच तिला मुख्य लायन मिळते. ब्रेक गेलेली गाडी चढावर शिरून आपोआप थांबते. ही रचना मला अजूनही फार आवडते. ड्रायव्हरच्या शब्दावर काही नाही. थांबून दाखव, मग जा.

२० एप्रिल
आत्याच्या लग्नाचा फोटो, १९७४ चा मार्गशीर्ष. आजीच्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्या आणि मागे-पुढे काही नाही. आधीच्या सगळ्या फोटोंत पाटल्या आहेत. ८ मेला रेल्वेचा संप सुरू झाला, तो वीस दिवस चालला. आजोबा संपात होते, पगार बंद होता, आणि लग्न आधीच ठरलेलं. पाटल्या गहाण पडल्या. हे आत्या हसत सांगते. आजी कधी हसून सांगत नव्हती.

त्याच फोटोत आजोबा डोळे अर्धे मिटून उभे आहेत. घरच्यांच्या मते ते रडत होते. माझ्या मते त्यांना झोप आली होती. ड्यूटीचं बोलावणं घेऊन कॉलबॉय रात्री कधीही क्वार्टरची कडी वाजवून वहीत सही घ्यायचा, आणि नंतर दिवसा झोपायचं म्हटलं तर चाळीत पोरं.

२१ एप्रिल
काही नाही. फोटोंना वास येतोय, उन्हात ठेवू नयेत म्हणून पंख्याखाली पसरले.

२५ एप्रिल
वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात जाऊन आलो. तिथे आवारात एक खेकडा उभा आहे. फोटोवरून कल्पना येत नाही इतका मोठा. आता तो कण्हत नाही. मुलं दांड्यांना हात लावून पाहत होती. त्यांच्या मास्तरांना मी बँकरचं सांगायला गेलो, तर त्यांना बसची घाई होती.

संध्याकाळी बॉक्समधला आजोबांच्या निवृत्तीचा ग्रुप फोटो पाहायला घेतला. खुर्च्यांवर साहेब, मागे ड्रायव्हर, पुढे सतरंजीवर असिस्टंट आणि शंटर. त्या एका दिवसापुरते आजोबा साहेबांच्या ओळीत, मांडीवर नारळ आणि शाल. उरलेल्यांपैकी मला एकही नाव सांगता येत नाही. बाबांना दोन येतात. आत्याला बहुतेक सगळी येतात, कारण डबे पोचवायला तीच जायची. रविवारी मऊ पेन्सिल घेऊन तिच्याकडे जायचं आणि मागच्या बाजूला नावं लिहून घ्यायची. ती आता ७४ वर्षांची आहे.