पोटमाळ्याचं गणित

हॉस्टेलवर पहिल्या आठवड्यात ‘इंट्रो’ देताना नाव, गाव, ब्रँच, बारावीचे मार्क्स झाले की हमखास पुढचा प्रश्न येतो, "वडील काय करतात?" मी सांगितलं होतं, "कॉन्ट्रॅक्टर आहेत." अगदीच खोटं नव्हतं म्हणा! आण्णा रंगाची कामं घेतात. फक्त ब्रशही तेच मारतात, एवढं सांगायचं राहिलं.

सेकंड इयर संपलं त्या मे महिन्यात आण्णांना पाचगणीच्या एका जुन्या बंगल्यातलं काम मिळालं. पोटमाळ्यावरच्या दोन सारख्या खोल्या. आम्ही वाईचे, पसरणीचा घाट चढला की पाचगणी. आण्णांचं खाली दुसरं काम अडकलं होतं, म्हणून माप घ्यायला मला पाठवलं. "इंजिनिअर होतोयस न्हवं? मग जा टेप घेऊन."

खोली बघून मी खूशच झालो. दोन्ही बाजूंनी छत उतरत आलेलं, कडेची भिंत जेमतेम ४ फूट, आणि छपरातून डोकं बाहेर काढून बसलेली खिडकी. इंग्रजी पिक्चरमधल्या घरांना असते तशी. खिडकीतून खाली कृष्णेचं खोरं आणि धोम धरणाचं पाणी. अशी रूम मिळाली असती तर माझी एकही केटी लागली नसती, असं त्या वेळी तरी वाटलं. मी जमीन मोजली, २४ बाय १६. छत जमिनीएवढंच, असं धरून ३८४ चौरस फूट लिहिलं, भिंती मिळवल्या, दोनने गुणलं आणि आकडा फोनवर सांगितला. आण्णांनी त्यावर मालकांशी उक्तं काम ठरवून टाकलं.

काम सुरू झालं आणि त्या खोलीची सगळी ऐट उतरली. शिडी टेकवायला सरळ भिंतच नाही. आढ्याखाली घोड्यावर चढून मान मोडायची आणि कडेला मांडी घालून. कौलं दुपारी तापली की रंग ब्रशवरच घट्ट व्हायचा, म्हणून सकाळी ६ ते ११ आणि मग उन्हं कलल्यावर. पावसाळ्यात गळून तपकिरी डाग पडले होते. मी त्यावर सरळ पांढरा हात मारला, तर दुसऱ्या दिवशी डाग पुन्हा हजर! आण्णांनी खरवडून, वाळवून आधी ऑइल प्रायमर लावला, तेव्हा तो दबला.

खिडकीचं तर विचारू नका. दोन बाजूंना तिकोनी गाल, वर वीतभर छत, प्रत्येक कोपऱ्यात बारका ब्रश. माप काहीच नाही, दिवस मात्र अख्खा जातो. भिंत आणि छत जिथं मिळतात तिथली रेघ सरळ येईना. आण्णा म्हणाले, "दोन्हीला एकच रंग दे, रेघच दिसायची न्हाई." खरंच, रेघ गेली आणि खोली मोठी दिसायला लागली.

दुसऱ्या खोलीचा दुसरा हात जेमतेम सुरू झाला आणि रंग संपला. आण्णांनी डब्याकडं बघितलं, मग टेप घेतला आणि छताच्या उतारावरून धरला. एका बाजूचे ११ फूट ४ इंच. मी धरले होते ८.

४५ अंशांचा उतार, म्हणजे कॉस ४५ ने भागायचं. दहावीतलं पोरगंसुद्धा सांगेल. मला एम-टूमध्ये ७८ होते! दोन्ही खोल्या मिळून तीनशेवर चौरस फूट राहिले होते. माल आणि मजुरी धरून सात हजारांचा खड्डा.

"मालकांना सांगू या का? मी बोलतो," मी म्हणालो.

"माप आपलं चुकलंय. त्यात त्यांचा काय गुन्हा?" एवढंच बोलून आण्णा रंग आणायला खाली गेले. रागावले असते तर बरं झालं असतं. उरलेले चार दिवस मजुरी वाचावी म्हणून त्यांनी गड्यालाही सुट्टी दिली आणि घोड्यावर स्वतः चढले. वय ५४. मी खाली घोडा धरून उभा. त्यांचे पाय थरथरत होते, ते मला हाताला कळत होतं.

त्या वर्षी हॉस्टेलची फी मी सप्टेंबरमध्ये भरली. रेक्टर सरांनी विचारलं तेव्हा "वडिलांचं पेमेंट अडकलंय सर" असं सांगितलं होतं. सर, पेमेंट ठरल्या दिवशी पूर्ण मिळालं होतं.

आण्णा अजून मला माप घ्यायला पाठवतात. फक्त आता म्हणतात, "टेप छतावर धरून फोटो धाड आधी."