जुन्या खुणांच्या वर

मृग नुकताच लागला होता. साताऱ्याहून कास ओलांडून बामणोलीला उतरलो तेव्हा शिवसागराचं, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचं, पाणी खूप खाली गेलेलं होतं. लाँचपर्यंत पोचायला तांबड्या मातीचा लांबलचक उतार चालावा लागला. पलीकडे कांदाटी खोरं. कोयना धरणात पाणी साठलं तेव्हा खोऱ्यातली कित्येक गावं उठली. जी डोंगराच्या अंगानं वर सरकून राहिली, त्यांच्या पाठीशी सह्याद्री आणि पुढ्यात पाणी. बाजार असो, दवाखाना असो, तिथल्या अनेक वाड्यांना लाँचचाच आधार. डोंगरातली बेटंच म्हणायची.

‘‘वारं सुटलं की लाँच बंद. मग आमी तिकडं आन् जग हिकडं,’’ लाँचवाला म्हणाला. हवामान खात्याचा इशारा कळतो का, विचारलं. ‘‘रेड अलर्ट व्हय? त्यो साताऱ्याला असतोय.’’

खरं तर खात्याच्या पत्रकात सातारा जिल्ह्याचा घाटमाथा वेगळा दाखवलेला असतो आणि तो इशारा नेमका याच माणसांसाठी असतो. पण त्यांच्या कानी पडतं ते जिल्ह्याच्या गावाचं नाव. ते गाव डोंगरापलीकडे, तिथल्या पावसाचं आपल्याला काय, असं त्यांना वाटलं तर चूक त्यांची नाही. शिवाय फोनला रेंज मिळते ती देवळामागच्या टेकाडावर. मुसळधार पावसात, रात्री, टेकाडावर कोण चढणार?

पाटण तालुक्यात मोरणा खोऱ्यात गेलो. २२ जुलै २०२१ ला सकाळपासून महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच अतिवृष्टीत आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या आणि झोपेतली माणसं गेली. खोऱ्यातल्या एका वाडीत एक आजोबा ओसरीवर बसले होते. ‘‘पणज्यापासनं वाडी हितंच हाय. डोंगूर कंदी हालला न्हवता,’’ ते म्हणाले. त्यांचा हिशोब खोटा नव्हता. पिढ्यान् पिढ्या डोंगर हलला नाही, हाच त्यांच्याजवळचा सगळ्यात भरवशाचा पुरावा होता. आता पावसाची रीत बदलली आहे. दोन आठवड्यांचा पाऊस एका दिवसात उतरतो, आणि मग तो पुरावाच माणसाला घरात बसवून ठेवतो.

त्या वाडीत मला एक गोष्ट मनापासून आवडली. तिथल्या आशाताई घरोघर गोळ्या-औषधं द्यायला जातात, तेव्हा बायकांना चार प्रश्न विचारतात: परड्यात भेग दिसली का, झऱ्याचं पाणी गढूळ झालं का, नवीन ठिकाणी पाणी फुटलंय का, झाड नाहीतर खांब कलला का. दरड येण्याआधी डोंगर बहुधा अशाच खुणा दाखवतो. त्या पहिल्यांदा पाहते पाण्याला जाणारी बाई. २०१४ च्या जुलैत पुणे जिल्ह्यातलं माळीण गाडलं गेलं, तेव्हा बाहेरच्या जगाला ते कळलं एसटीच्या चालकामुळे. गाडी घेऊन आला तर गावच जागेवर नव्हतं. बातमी तिथून निघाली, पण उशिरा. ती एक दिवस आधी, झऱ्यावरून निघायला हवी होती. त्यासाठी त्या बाईचं म्हणणं ऐकून घेणारं, रात्रीही फोन उचलणारं कुणीतरी तहसीलात बसलेलं हवं. इशारा वरून खाली देण्याची व्यवस्था आपण थोडीफार केली. खालून वर ऐकण्याची मात्र मला कुठे दिसली नाही.

कऱ्हाडला कोयना आणि कृष्णा एकमेकींना समोरासमोर भेटतात. तिथून पुढे डोंगरातल्या पावसाला सांगलीचा पत्ता मिळतो.

सांगलीकर पावसाळ्यात रोज कोयना, नवजा आणि महाबळेश्वरचा पाऊस वाचतात, धरणातून किती क्युसेक सोडले ते वाचतात आणि मग एकमेकांना विचारतात, ‘‘आयर्विनला किती?’’ कृष्णेवरचा १९२९ सालचा हा आयर्विन पूल म्हणजे शहराची मोजपट्टी. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. कितव्या फुटाला आपल्या बोळात पाणी येतं हे सूर्यवंशी प्लॉट किंवा दत्तनगरातल्या शाळकरी पोरालाही माहीत असतं. क्युसेकचा आकडा कितीही मोठा असला तरी त्यावर सामान माळ्यावर चढत नाही. ‘रात्री ४२ होईल’ म्हटलं की चढतं. इतकं पक्कं, इतकं लोकांच्या तोंडी असलेलं माप मी दुसऱ्या कुठल्या शहरात पाहिलेलं नाही.

तरीही २०१९ चा ऑगस्ट आला. मारुती चौकाजवळ ज्या घरी उतरलो, त्या काकूंनी भिंतीवरची ऑइलपेंटची रेघ दाखवली: २००५. त्या वर्षी आयर्विनला ५३ फुटांच्या वर पाणी गेलं होतं. ‘‘आम्ही सामान त्या रेघेच्या वर वीतभर ठेवलं आणि निवांत झालो,’’ काकू म्हणाल्या. ‘‘सगळ्यांनी तेच केलं. पाणी रेघेशी थांबेल असंच धरून चाललो होतो.’’ ते ५७ फुटांच्या वर गेलं. घराघरांतली माणसं माडीवर अडकली, कारण निघायची वेळ त्यांनी जुन्या पुरावरून ठरवली होती.

आजोबांचा न हललेला डोंगर आणि काकूंची रेघ यांत मला एकच गोष्ट दिसते. पूर आणि पाऊस यांच्या आठवणीवर आपली गावं शतकानुशतकं जगली. त्या आठवणीचा मान राखूनच, पण ठामपणे, कुणीतरी सांगायला हवं की या वेळी पाणी तिच्याही वर जाणार आहे. हे अनोळखी आवाजानं सांगून पटत नाही.

पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला कृष्णा आणि येरळा मिळतात. २०१९ मध्ये गावाला पाण्याचा वेढा पडला. ८ ऑगस्टला बाहेर पडणाऱ्या गावकऱ्यांची खच्चून भरलेली बोट उलटली. बायका, म्हातारी माणसं, लेकरं गेली. नदीकाठी उभं राहून मला बांगलादेशाची आठवण झाली. १९७० च्या चक्रीवादळात तिथली बेटं आणि किनारा उद्ध्वस्त झाला, लाखो माणसं गेली. त्यानंतर त्यांनी गावोगाव स्वयंसेवक उभे केले. धोका वाढेल तसा झेंडा वाढवायचा, हातभोंगा घेऊन दारोदार फिरायचं, म्हाताऱ्यांना हात धरून निवाऱ्यात न्यायचं. आज ते सत्तर हजारांहून अधिक आहेत, त्यांत निम्म्या बायका. वादळं थांबलेली नाहीत, पण मरणारी माणसं फार कमी झाली आहेत. सांगणारा शेजारचाच असतो, म्हणून घर सुटतं. कृष्णाकाठच्या प्रत्येक गावात अशी दहा माणसं तयार करणं आपल्याला अशक्य आहे, हे मी मान्य करणार नाही.

शेवटी माणदेशात गेलो. कांदाटीत पावसानं माणसं कोंडली जातात आणि त्याच सातारा जिल्ह्यात म्हसवडला चारा छावण्या लागतात. इथे २००८ पासून ‘माणदेशी तरंग वाहिनी’ हा सामुदायिक रेडिओ चालतो, ९०.४ वर. अशा केंद्राचा आवाज दहा-पंधरा किलोमीटरपलीकडे फारसा जात नाही. पण तेवढ्या टापूत बोलणारा आणि ऐकणारा एकाच बोलीतले असतात. जत तालुक्यातल्या जालिहाळला ‘येरळावाणी’ आहे. डोंगरात आणि पूरपट्ट्यात अशी केंद्रं का नसावीत, हा प्रश्न मी वाटेत भेटलेल्या प्रत्येक सरपंचाला विचारला.

म्हसवडच्या बाहेर बांधावर एक मावशी भेटल्या. आभाळ भरून आलेलं, शेजाऱ्यांची पेरणीची घाई चाललेली. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. मावशींनी खुरप्यानं माती उकरून दाखवली. ‘‘मिलिमीटर कुणी बघितलाय? वीतभर वल पायजे म्हणत्यात. ही बघा, चार बोटं बी न्हाई. मिरगाला पेरायचं ही आमची चाल, पर मागं दोनदा बी वाया गेलं.’’

मग खुरपं बांधावर ठेवून त्यांनी मलाच विचारलं, बाजरी थांबवली तर तोवर जनावरांना मका टाकावा का. मला उत्तर माहीत नव्हतं. ‘‘ऱ्हाऊ द्या,’’ त्या म्हणाल्या, ‘‘सांजच्याला रेडिओवर फोन लावती.’’