दोन पोस्टांचा देश

शाळेत असताना माझ्या तिकिटांच्या वहीत अँडोराला एकच पान होतं, आणि त्यावरून धाकट्या भावाशी रोज वाद. अर्धी तिकिटं फ्रेंच पोस्टाची, अर्धी स्पॅनिश. मग देश कुणाचा? पुढे कळलं, फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष आणि स्पेनमधल्या उर्जेलचे बिशप हे दोघे मिळून तिथले राजे. ही जोडगादी 1278 पासूनची. देश 468 चौरस किलोमीटरचा, मुंबईहून लहान. स्वतःचं चलनही नाही. फ्रँक आणि पेसेटा एकाच गल्ल्यात पडायचे.

तेव्हा तिथे आयकर नव्हता. सरकारचा संसार मुख्यतः आयात मालावरच्या जकातीवर चाले. पिरेनीजचे घाट चढून दोन्हीकडची गिऱ्हाइकं साखर, लोणी, सिगारेटी न्यायला येत. काही तंबाखू रात्री पाठीवरून खिंड ओलांडे. पण कर नाही म्हणून परक्याने दुकान थाटावं, तर तेही सोपं नव्हतं. वीस वर्षं राहिल्याशिवाय कंपनीत एक तृतीयांशाहून जास्त वाटा मिळत नसे. मग नाव स्थानिक माणसाचं आणि पैसा आपला, असा कारभार चाले.

गेल्या दिवाळीत बार्सिलोनातल्या भाच्याचा फोन आला, "मामा, अँडोरात कंपनी काढू का?"

आता दार उघडं आहे. 2012 पासून परक्याला पूर्ण मालकी मिळते. त्याच वर्षी कंपन्यांच्या नफ्यावर 10 टक्के कर आला. 2015 मध्ये आयकरही आला: 24,000 युरोपर्यंत काही नाही, वर कमाल 10 टक्के. गल्ल्यात युरो आले. बँकेतलं गुपित मात्र संपलं. परदेशी खातेदारांची माहिती त्यांच्या देशाला आपोआप जाते. श्रीमंत पाहुणे वाढले तशी घरभाडी भडकली. 2024 मध्ये परक्यांच्या घरखरेदीवर वेगळा कर बसला, आणि राहण्याचा परवाना टिकवायला तिथली कातालान भाषा शिकणं आलं.

भाच्याला म्हटलं, "नुसता कर वाचवायला जाऊ नकोस. वर्षातले 183 दिवस त्या डोंगरात राहायची तयारी असेल, तर जा. तिथे विमानतळ नाही, रेल्वे नाही. आणि गेलास तर मला दोन पत्रं टाक, एक फ्रेंच पोस्टातून, एक स्पॅनिश. पोस्टं अजून दोनच आहेत."