बॅटच्या पोटातलं

जळगावात शाळेकडून सॉफ्टबॉल खेळायचो तेव्हा अख्ख्या संघात मिळून दोन-तीन ॲल्युमिनियमच्या बॅटी असायच्या. त्या नियमात बसतात का, हे कुणी विचारलं नाही आणि विचारायची गरजही नव्हती. टेक्सासमध्ये आल्यावर संध्याकाळच्या स्लो-पिच, म्हणजे हळू चेंडू टाकायच्या सॉफ्टबॉलच्या, लीगमध्ये मी पंचाचं काम धरलं. बॉल-स्ट्राइक, सेफ-आउट हे अंगवळणी पडलं. सगळ्यात कठीण गेलं ते बॅटी तपासणं.

सामन्याआधी दोन्ही संघ आपापल्या बॅटी डगआउटच्या जाळीला लावून ठेवतात. लांबी 34 इंचांपर्यंत, वजन 38 औंसांपर्यंत, जाडी सव्वादोन इंचांपर्यंत. जाडीसाठी आमच्याजवळ एक कडं असतं, ते बॅरलवरून, म्हणजे बॅटच्या जाड भागावरून, सरकवत न्यायचं. पोचा पडलेल्या बॅटला बाजूने फुगवटा आलेला असतो, तिथे कडं अडतं. मग बॅट कानाशी धरून हलवायची. आत काही खुळखुळलं तर ती गेली बाहेर. नॉब पक्का आहे का, ग्रिप सुटली आहे का, कार्बन फायबरच्या बॅटवर बारीक तडे दिसतात का, हे हात फिरवतानाच कळत जातं. त्यानंतर बॅटला मान्यता देणाऱ्या संस्थेचा शिक्का बघायचा. यूएसए सॉफ्टबॉल ही संस्था पूर्वी एएसए होती, म्हणून अनेक बॅटींवर ‘एएसए 2004’ असा शिक्का दिसतो. शिक्का असूनही बाद ठरवलेल्या मॉडेलांची वेगळी यादी असते, तीही पाहावी लागते.

हा शिक्का उगाच मिळत नाही. प्रयोगशाळेत बॅट पकडीत बसवून तिच्यावर तोफेतून चेंडू सोडतात आणि मैदानात तो किती वेगाने परतेल याचा हिशेब मांडतात. 2004च्या निकषानुसार हा वेग ताशी 98 मैलांच्या वर जाता कामा नये. स्लो-पिचमध्ये पिचर 50 फुटांवरून चेंडू टाकतो. त्या वेगाने परतलेला चेंडू सेकंदाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात त्याच्यापाशी पोहोचतो. तेवढ्यात त्याला ग्लोव्ह तोंडासमोर आणायचा असतो. बॅट तपासताना माझ्या डोक्यात नियमपुस्तकापेक्षा हा पिचर जास्त असतो.

क्रिकेटमध्येही 2017पासून बॅटची कड 40 मिलिमीटर आणि जाडी 67 मिलिमीटरपुरती बांधली आहे आणि ती साच्यातून घालून तपासता येते. पण ते भरीव लाकूड. सॉफ्टबॉलची बॅट पोकळ असते, आणि खरी लबाडी त्या पोकळीतच चालते. कार्बन फायबरचं बॅरल खेळून खेळून नरम होतं, चेंडू अधिक उसळतो. काहींना तेवढा धीर नसतो. ते बॅट रोलरमध्ये दाबून नरम करून घेतात. त्याहून वाईट म्हणजे टोकाची टोपी काढून आतली भिंत तासायची आणि टोपी पुन्हा चिकटवायची. बाहेरून शिक्का, रंग, लांबी सगळं जसंच्या तसं. कडंही अडत नाही.

अशी एक बॅट माझ्या हातात आली होती. शिक्का स्वच्छ, यादीत नाव नाही. पण टोपीच्या कडेला हत्यार लागल्यासारखे ओरखडे होते आणि फटीतून वाळलेला गोंद वर आलेला. मी ती बाजूला ठेवली. खेळाडू तावातावाने आला. “ब्लू, शिक्का आहे की!” इथे पंचाला निळ्या शर्टावरून ब्लूच म्हणतात. मी टोपीची कड दाखवली आणि सांगितलं, “ही आज खेळणार नाही.” बराच वाद झाला. माझा निर्णय बदलला नाही.

ती बॅट तासलेलीच होती, असं मी म्हटलं नाही. ते सिद्ध करायला बॅट कापावी लागते. छेडछाड केलेली बॅट घेऊन फलंदाज बॉक्समध्ये उतरला तर तो बाद होतोच, शिवाय सामन्यातून बाहेर काढला जातो. एवढी मोठी शिक्षा मी नुसत्या संशयावर देणार नाही. पण संशय असलेली बॅट खेळू देणंही मला मान्य नाही. बॅरल दाबून त्याचा कडकपणा मोजणारं यंत्र मोठ्या स्पर्धांमध्ये असतं, आमच्यासारख्या लीगमध्ये क्वचितच. ‘शिक्का दिसला की पंचाचं काम संपलं’ असं मानणारे सहकारी मला भेटले आहेत. मला ते पटत नाही. शिक्का कारखान्यातून निघालेल्या बॅटची ग्वाही देतो, त्यानंतर तिचं काय केलं गेलं याची नाही.

इथल्या लीगमध्ये आपली मराठी मुलंही खेळतात आणि नवी बॅट महाग म्हणून वापरलेली शोधतात. त्यांना माझं सांगणं एवढंच: टोपीची कड नीट बघा, बॅट हलवून ऐका, आणि ‘रोल केलेली आहे, चेंडू लांब जातो’ असं सांगून कुणी विकत असेल तर ती घेऊ नका.